पुण्यातला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम : ही गोष्ट कुठून सुरू करायची?

गोदातीर

शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाबद्दल जे काही छापून आलं आहे ते बहुतेक इंग्रजीत आहे, आणि त्यात गोष्ट हटकून एका इंग्रज पाद्र्यापासून सुरू होते. जॅक विन्स्लो, ईटनमध्ये शिकलेले, ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे, अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे) मिशनरी म्हणून नगर जिल्ह्यात आले, भारतीय वेष आणि भारतीय राहणी स्वीकारली आणि १९२२ साली 'ख्रिस्त सेवा संघ' काढला. यातलं काही खोटं नाही. पण मला ही सुरुवात पाच वर्षं उशिराची वाटते, म्हणून हा धागा काढतोय.

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून घरदार, जात, नातीगोती सगळं गमावून त्यांनी नगरला मिशनमध्ये काम केलं होतं. 'केवढे हे क्रौर्य' आणि 'वनवासी फूल' लिहिणारे कवी म्हणून अख्ख्या महाराष्ट्रात नाव होतं. असा माणूस साठीला टेकताना पगार सोडून साताऱ्याला जातो आणि 'देवाचा दरबार' मांडतो. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बरोबरीने बसतील असं त्यांनी ठरवलं होतं. त्या काळच्या कुठल्याही मिशनला हे पचण्यासारखं नव्हतं. दरबाराला आयुष्य फार लाभलं नाही. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले.

त्याच सुमाराला विन्स्लो नगर जिल्ह्यात काम करत होते. त्यांनी संघ काढला १९२२ मध्ये आणि टिळकांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं १९२३ मध्ये. या दोन गोष्टी एका वर्षाच्या अंतराने घडाव्यात याला मी योगायोग मानत नाही. ज्या माणसाचं चरित्र तुम्ही लिहिताय, त्याचं अर्धवट राहिलेलं काम तुमच्यासमोर असणारच. म्हणून मी म्हणतो, आश्रमाची मुळं साताऱ्यात आणि नगरमध्ये आहेत.

पुण्याचं पर्व १९२७ नंतरचं. विन्स्लो इंग्लंडला जाऊन आले ते ऑक्सफर्ड-केंब्रिजची तरुण मंडळी सोबत घेऊनच. त्यांच्यात अल्जी रॉबर्टसन होते आणि पुढे आदिवासींचा अभ्यासक म्हणून नावाजलेला, तेव्हा पंचविशीतला व्हेरियर एल्विनही होता. शिवाजीनगरला संघाचा आश्रम उभा राहिला. अंगावर पांढऱ्या खादीचा झगा, पायांत काही नाही, जेवण शाकाहारी, जमिनीवर बसून, हाताने. आज वाचताना यात विशेष वाटत नाही, पण १९२७ च्या पुण्यात एका बाजूला कॅम्पातले गोरे अधिकारी टेबलावर काट्या-चमच्यांनी जेवत होते आणि त्याच शहरात, त्याच चर्चचे गोरे पाद्री मांडी घालून भाकरी मोडत होते. सरकारी वर्तुळाला हे आवडलं नाही, आणि राजकारण आल्यावर तर अजिबातच नाही.

एल्विन जानेवारी १९२८ मध्ये साबरमतीला एका सर्वधर्मीय परिषदेसाठी गेला आणि गांधीजींचाच होऊन परत आला. १९३० च्या सत्याग्रहाची बाजू त्याने ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या आधारे मांडली. विन्स्लो आणि एल्विन दोघांनी मिळून भारताच्या स्वातंत्र्यावर पुस्तक लिहिलं (१९३१), त्याला प्रस्तावना होती यॉर्कचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांची. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली तेव्हा एल्विन तिथेच गच्चीवर मुक्कामाला होता. तोवर तो संघातून बाहेर पडला होता.

१९३४ साली संघ दुभंगला. फ्रान्सिस्कन म्हणजे संत फ्रान्सिसच्या पद्धतीने, ब्रह्मचर्याचं व्रत घेऊन राहू पाहणाऱ्यांनी आपला वेगळा संघ केला आणि नावात 'प्रेम' आलं: ख्रिस्त प्रेम सेवा संघ. विन्स्लो इंग्लंडला परतले. पुढच्या काळात संघाची धुरा वाहणाऱ्यांपैकी विल्यम लॅश १९४७ ते १९६१ मुंबईचे बिशप होते. पण बंधू कमी होत गेले, आणि साठच्या दशकात वास्तू होती, माणसं नव्हती अशी अवस्था आली.

पुन्हा जीव आला तो १९७२ च्या सुमाराला, आणि तो आणला बायकांनी. रोमन कॅथलिक 'सेक्रेड हार्ट' संघाच्या सिस्टर्स आणि अँग्लिकन 'सेंट मेरी द व्हर्जिन' संघाच्या सिस्टर्स, ज्यांना पुण्यात वाँटेज सिस्टर्स म्हणतात, यांनी एकाच छपराखाली आश्रम चालवायला घेतला. चारशे वर्षं एकमेकांपासून तुटलेल्या दोन चर्चच्या संन्यासिनी रोज एकत्र प्रार्थना करणार, एकत्र स्वयंपाक करणार! पहिल्या आचार्या (आश्रमाच्या प्रमुख) वंदना माताजी, मुंबईच्या पारशी घरातल्या. त्यांच्यानंतर सिस्टर सारा ग्रँट, स्कॉटलंडच्या, मुंबईच्या सोफिया कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेल्या, शंकराचार्यांवर संशोधन केलेल्या. रिट्रीटसाठी (काही दिवस एकांतात प्रार्थना-चिंतनासाठी), अभ्याससत्रांसाठी, परिषदांसाठी देशोदेशीचे लोक इथे यायला लागले ते या काळात.

कुणाला आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

पेठकरीण

गोदातीर, फार चांगला विषय काढलात. वाँटेज सिस्टर्सचा उल्लेख आला म्हणून थोडं मागचं सांगते, कारण त्याशिवाय १९२७ च्या त्या जमिनीवरच्या पंगतीचं महत्त्व कळत नाही.

या सिस्टर्स १८७७ पासून पुण्यात आहेत, पंचहौद मिशनच्या परिसरात. आणि पंचहौद म्हटलं की १४ ऑक्टोबर १८९० आठवतोच. गोपाळराव जोशींनी (आनंदीबाईंचे यजमान) पुण्यातल्या प्रतिष्ठितांना मिशनमध्ये व्याख्यानाला नेलं, नंतर चहा-बिस्किटं आली, कुणी घेतली, कुणी नुसताच कपाला हात लावला, आणि गोपाळरावांनी सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. रानडे, लोकमान्य टिळक सगळे त्यात सापडले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी झाली. लोकमान्यांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारक त्यांच्यावर नाराज झाले.

मिशनच्या आवारात घेतलेल्या एका कप चहाने ज्या शहरात एवढं वादळ उठलं, तिथे ३७ वर्षांनी मिशनरीच आपली टेबल-खुर्ची सोडून पाटावर बसले. आणि ज्या सिस्टर्स पंचहौदला होत्या त्यांच्याच संघाने पुढे १९७२ मध्ये आश्रमाला हात दिला. हा धागा पुण्याच्या पुण्यातच जुळतो.

अभंगवाचक

दोन्ही प्रतिसाद वाचनखूण साठवून ठेवले. टिळकांच्या अभंगांत तुकोबांची छाया आहे हे शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं. दरबाराबद्दल अजून लिहा.

रोखठोक_मत

लेख माहितीपूर्ण आहे, पण एक बाजू राहून गेली आहे. भगवी वस्त्रं, 'आश्रम', 'आचार्य', 'माताजी', आरती, ॐ, उपनिषदं. ही सगळी आमची प्रतीकं घ्यायची आणि आत ख्रिस्त ठेवायचा, हा धर्मांतराचा सौम्य मार्ग आहे असं अनेकांना वाटतं. सीताराम गोयल यांनी १९८८ मध्ये याच मुद्द्यावर अख्खं पुस्तक लिहून कॅथलिक आश्रमांना जाब विचारला होता. तुमच्या लेखात या आक्षेपाचा उल्लेखही नाही. तो असायला हवा होता असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

गोदातीर

रोखठोक, आक्षेप गंभीर आहे, त्याला गंभीरपणेच उत्तर देतो.

विन्स्लो मिशनरी होते. लोकांनी ख्रिस्ताकडे यावं ही त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. संघाच्या नावातच पहिला शब्द 'ख्रिस्त' आहे. फसवायचं असतं तर नाव दुसरं ठेवलं असतं. बरं, याच आश्रमातून गेलेल्या एल्विनने पुढे गोंडांमध्ये धर्मप्रचार करायला साफ नकार दिला, त्यावरून बिशपशी बिनसलं, आणि शेवटी चर्चच सोडलं. धर्मांतराचा कारखाना असता तर त्यातून असा माणूस बाहेर पडला नसता.

सत्तरच्या दशकातली आरती आणि उपनिषदं ही वेगळी गोष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते ६५) कॅथलिक चर्चने स्थानिक संस्कृतीला दारं उघडली. एप्रिल १९६९ मध्ये रोमने भारतातल्या उपासनेसाठी बारा मुद्दे मंजूर केले: चपला बाहेर काढणं, जमिनीवर बसणं, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, फुलांची आरती, असे. त्याच वर्षी बंगळूरच्या अखिल भारतीय चर्चासत्रात आश्रमांना उत्तेजन द्यायचं ठरलं. आणि सगळ्यात कडाडून विरोध कुणी केला असेल तर तो मुंबई, मद्रासच्या कॅथलिकांनीच! आपल्याला हिंदू करायला निघालेत, अशी त्यांची ओरड होती. म्हणजे दोन्ही बाजूंना एकाच गोष्टीत फसवणूक दिसत होती, प्रत्येकाला उलट दिशेची.

सारा ग्रँट यांचं लेखन मी वाचलं आहे. शंकराचार्य त्यांना सजावटीसाठी नको होते, अद्वैतानेच त्यांना स्वतःची श्रद्धा नव्याने समजली असं त्या उघड सांगतात. केंब्रिजमध्ये १९८९ साली त्यांनी व्याख्यानं दिली तीही याच विषयावर. अशा बाईवर मला लबाडीचा आरोप करता येत नाही. प्रतीकं कुणाची, हा तुमचा प्रश्न मात्र मी उडवून लावणार नाही. त्यावर मतभेद राहू शकतो.

शेवगावकर

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातला आहे. पणजोबांच्या पिढीत बाप्तिस्मा झाला, त्याआधी आम्ही गावकुसाबाहेरचे. वरची चर्चा वाचून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आश्रमाबद्दल बोलणारे सगळे उपनिषदांबद्दल बोलतात, शंकराचार्यांबद्दल बोलतात. 'भारतीय होणं' म्हणजे संस्कृत, शाकाहार, मौन आणि अद्वैत. हे कुणाचं भारतीयपण? माझ्या पणजोबांना उपनिषद ऐकायचा अधिकार नव्हता. ते ख्रिस्ती झाले ते त्या व्यवस्थेतून सुटायला. आणि चर्चमधल्या विद्वान लोकांनी पन्नास वर्षांनी ठरवलं की खरा भारतीय ख्रिस्ती व्हायचं तर त्याच दाराने पुन्हा आत जा.

आमच्याकडे भारतीयपण नव्हतं का? नगरकडच्या ख्रिस्ती वस्त्यांत कीर्तनं होत होती, एकोणिसाव्या शतकापासून. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनं रचली, गावोगाव केली. आमच्या आजीला टिळकांची भजनं तोंडपाठ होती, वाचता एक अक्षर येत नव्हतं. नाताळच्या आदल्या रात्री पेटी, मृदंग, टाळ घेऊन वस्तीतून दिंडी निघायची. पुढे बत्ती धरणारा, मागे म्हाताऱ्या, आणि कडव्याचं धृपद पोरांनी उचलायचं, ते इतक्या वरच्या पट्टीत की पेटीवाल्याला सूर बदलावा लागायचा. दुसऱ्या दिवशी मटण. हे सगळं मराठीच होतं, आणि ते कुठल्याही आश्रमाच्या नियमात बसलं नाही.

१९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी केली, तिथून दलित धर्मशास्त्र उभं राहिलं. त्यांचा रोख याच गोष्टीवर होता: भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मणी परंपरेशीच संवाद करत बसला आणि चर्चमधल्या बहुसंख्य माणसांचं दुःख त्यात आलंच नाही.

आश्रमाचं काम खोटं होतं असं मी म्हणत नाही. गोऱ्या माणसाने जमिनीवर बसून जेवणं याची किंमत मला कळते. पण गोदातीर, तुम्ही गोष्ट टिळकांपासून सुरू करायची म्हणता, तर ती टिळकांच्या भजनांनी पुढे न्या. ती भजनं अजून आमच्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी चालू आहेत.

गोदातीर

शेवगावकर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी लेखात टिळकांपासून थेट पुण्याला आलो आणि मधली वस्ती सुटली. टिळकांची वाट दोन दिशांनी गेली. एक आश्रमाकडे, जिथे ती शंकराचार्यांशी जोडली गेली. दुसरी तुमच्या दिंडीत, जिथे ती तुकोबांच्या वळणावरच राहिली. टिळकांना स्वतःला दुसरीच जवळची होती, हे त्यांचे अभंग वाचणारा कुणीही सांगेल. आश्रमाने ती पहिल्या काळात तरी धरली होती. नंतर इंग्रजी बोलणारे पाहुणे वाढले तशी ती हातातून गेली असं मला वाटतं.

निशिगंध

मी हिंदू आहे. महाविद्यालयात असताना एका प्राध्यापिकेबरोबर आश्रमात अभ्यासाच्या सत्राला गेले होते. माझ्या लक्षात राहिलं ते तत्त्वज्ञान नव्हे, तिथली पद्धत. कुणी तुम्हाला 'काय मानता' असं विचारत नाही. सकाळच्या प्रार्थनेत एक उतारा उपनिषदातला, एक बायबलमधला, मग बराच वेळ सगळे गप्प. सत्र संपेपर्यंत कुणी त्या दोन उताऱ्यांचा मेळ घालून दाखवला नाही. तो ज्याचा त्याने घालायचा, किंवा नाही घालायचा. जेवणानंतर नळाशी रांग, ताट-वाटी आपली आपण विसळायची, आणि शेजारी राखाडी केसांच्या एक परदेशी सिस्टर पातेलं घासत होत्या. त्यांच्या व्याख्यानाला सकाळी आम्ही वह्या भरल्या होत्या.

शेवगावकरांचं म्हणणं मला पटलं. मला तिथे परकं वाटलं नाही, याचं कारण तिथली भाषा माझ्या घरातली होती. ते माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

डोंगरवाटा

पुण्याच्या आश्रमाच्या सुरुवातीच्या काळातलं दुसरं उदाहरण उत्तरेतलं सांगतो, कारण तिथे ताट धुण्याच्या पुढची पायरी गाठली गेली होती. नैनितालजवळ भीमतालच्या पलीकडे सातताल आहे. ओक-पाइनचं जंगल, तळ्याकाठी जुनी इस्टेट. अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी ई. स्टॅन्ले जोन्स यांनी १९३० साली तिथे ख्रिस्ती आश्रम सुरू केला. हे १९०७ मध्ये लखनौला आले, साबरमती आणि शांतिनिकेतन दोन्ही पाहिलेले. १९२८ मध्ये त्यांना बिशप म्हणून निवडलं, तर दीक्षाविधीच्या आधीच त्यांनी राजीनामा दिला.

तिथला नियम असा की दारात पदव्या सोडायच्या. बिशप असो की शिपाई, सगळे 'ब्रदर' नाहीतर 'सिस्टर', पुढे फक्त नाव. जोन्सना सगळे 'ब्रदर स्टॅन्ले'च म्हणायचे. शिबिराच्या पहिल्या बैठकीत प्रत्येकाने सांगायचं: मी इथे का आलो, मला काय हवंय, माझी खरी गरज कोणती. या बैठकीचं नाव 'खुलं हृदय'. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे आठवड्यातून एक दिवस भंग्याला सुट्टी आणि त्या दिवशी संडास साफ करायचं काम आश्रमवासीयांनी आपणहून घ्यायचं. जोन्स स्वतः ते करत. एका ब्राह्मण घरातून आलेल्या ख्रिस्ती बंधूला त्यांनी विचारलं, तुम्ही कधी पुढे येणार? तर तो म्हणाला, माझं परिवर्तन झालंय, पण अजून तिथवर नाही झालं. जोन्स ही आठवण मोकळेपणाने सांगत.

शेवगावकर, जातीचा प्रश्न कुठे अडतो ते या एका उत्तरात दिसतं.

जोन्स यांनी १९४० पासून अमेरिकेतही हीच पद्धत नेली. तिथे आजही 'ख्रिश्चन आश्रम' या नावाने शिबिरं भरतात. भारतातून तिकडे गेलेली ही चीज आहे. लखनौचं नूर मंझिल हे मनोरुग्णालयही त्यांचंच, १९५० चं. ते १९७३ साली बरेलीला वारले.

घाटमाथा

लोणावळ्याचं 'साधना' हे ध्यान-साधनेचं केंद्र राहिलं. अँथनी डी मेलो, जन्म मुंबईचा, जेझुइट (कॅथलिक चर्चमधल्या एका संघाचे पाद्री). १९७२-७३ च्या सुमाराला पुण्यात नगर रोडवर दे नोबिली कॉलेजात सुरुवात, १९७८ पासून लोणावळा. महिनाभराची इग्नेशियन (जेझुइटांचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या पद्धतीची) साधना, विपश्यनेसारखी श्वासावरची ध्यानं, आणि गोष्टी. १९८७ मध्ये अचानक गेले. ११ वर्षांनी रोमने त्यांच्या काही लेखनावर सावधगिरीची सूचना काढली, तरी पुस्तकं खपतच राहिली. म्हणजे सत्तरच्या दशकात पुणे-लोणावळा पट्ट्यात एकाच वेळी दोन मोठे प्रयोग चालू होते.

पेठकरीण

गोदातीर, विन्स्लो परत गेल्यावर त्यांचं काय झालं?

गोदातीर

आधी ते ऑक्सफर्ड ग्रूप या ख्रिस्ती चळवळीत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, समुद्रकाठच्या कड्यांवर 'ली ॲबी' नावाचं रिट्रीट आणि परिषद केंद्र अँग्लिकन मंडळींनी सुरू केलं. तिथे विन्स्लो बरीच वर्षं चॅप्लेन (केंद्राचे पाद्री) होते. सुट्टीला येणाऱ्या सामान्य माणसांबरोबर राहायचं, जेवायचं, भांडी घासायची आणि त्यातून श्रद्धेबद्दल बोलायचं, असा ली ॲबीचा परिपाठ. नगर-पुण्याची सवय त्यांच्या कामी आली असणार. १९७४ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास ते गेले. म्हणजे पुण्याचा आश्रम सिस्टर्सनी पुन्हा उभा केला तेव्हा ते हयात होते.

अल्जी रॉबर्टसन मात्र १९३१ लाच परतले होते. त्यांनी इंग्लंडमध्ये संघाची शाखा चालवली आणि ती १९३७ मध्ये डॉर्सेट परगण्यातल्या फ्रान्सिस्कन बंधूंबरोबर एक झाली. त्यातून 'सोसायटी ऑफ सेंट फ्रान्सिस' झाली, आजचा अँग्लिकन चर्चमधला प्रमुख फ्रान्सिस्कन संघ. त्यांच्या इतिहासात पुण्याचं नाव येतं. आपल्या इतिहासात त्यांचं येत नाही.

सोलापूरकर

धागा सुरू झाल्यापासून वाट बघत होतो की कुणी शामराव हिवाळ्यांचं नाव घेईल. एल्विनचं नाव इतक्या वेळा आलं, शामरावांचं एकदाही नाही, आणि ते तर मराठी, आमच्या सोलापूरचे!

शामराव याच संघात होते. एल्विनची आणि त्यांची गाठ इथेच पडली. त्यांचे भाऊ भास्कर पांडुरंग हिवाळे, ज्यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज काढलं. १९३२ च्या सुरुवातीला एल्विन आणि शामराव दोघे मंडला जिल्ह्यात करंजिया गावी गेले आणि गोंडांमध्ये काम सुरू केलं. गोंड लोक एल्विनला 'बडाभाई' म्हणत आणि शामरावांना 'छोटाभाई'. एल्विन हिंडायचा, लिहायचा, जगभर नाव मिळवायचा. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांचं घर, लोकांचे तंटे, पैशांची जुळवाजुळव, हे रोजचं सगळं शामरावांच्या अंगावर. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर (गोंडांची गाणी-कथा गाणारी जमात) त्यांनी स्वतः अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं, १९४६ साली. पोथ्या आणि शंकराचार्य बाजूला ठेवून, परधानांची गाणी, त्यांच्या कथा, त्यांचं बाणा हे वाद्य, असं सगळं जवळ राहून टिपलेलं.

शेवगावकरांनी विचारलं ना, हे कुणाचं भारतीयपण. या आश्रमातून निघालेल्या एका मराठी माणसाने त्याचं उत्तर करंजियाला जाऊन शोधलं. मूळ लेखात त्यांचं नाव एल्विनच्या शेजारी टाका, ही विनंती.

गोदातीर

टाकतो. आजच लेखात भर घालतो, आणि शेवगावकरांच्या कीर्तनांचाही परिच्छेद जोडतो. शामरावांवर तुम्ही वेगळा धागा काढा. भास्कररावांबद्दलही लिहा, नगरची मंडळी भर घालतील.